तलावाकाठचा तास

आपल्या निवासी शाळेत शिकून गेलेल्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या आठवणींत खिंडसीची सहल असते. नागपूरपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर, रामटेकच्या टेकड्यांच्या कुशीत हा तलाव आहे. सकाळी वसतिगृहात त्रिसरण-पंचशील घेऊन बस निघते. मुले होडीत बसतात, वल्हे मारून पाहतात, काठावर गळ टाकून बसलेल्या माणसाभोवती घुटमळतात, झाडाखाली डबे सोडतात आणि संध्याकाळी ओल्या चपलांनी परत येतात. भेटीस येणारे माजी विद्यार्थी इतिहासाच्या सनावळ्या विसरलेले असतात, पण होडी कोणत्या बाजूला कलली होती हे त्यांना नेमके आठवते.

अलीकडे मात्र या सहलीबद्दल पालकसभेत प्रश्न उपस्थित होऊ लागले आहेत. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात शालेय सहलीची होडी उलटली आणि १२ विद्यार्थी व २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. ती बातमी सर्वांच्या मनात ताजी असताना आपल्या सभेत एक माता उठल्या आणि म्हणाल्या, "सर, लेकराला पोहता येत नाही, मग त्याला पाण्यात नेताच कशाला? दीक्षाभूमीला न्या, ड्रॅगन पॅलेसला न्या. तलावावर जाऊन लेकरं काय शिकतात?"

त्या माउलीचा प्रश्न रास्त होता. त्या वेळी मी काळजी घेऊ एवढेच बोललो, आणि ते उत्तर अपुरे आहे याची जाणीव मलाच झाली. तलावावर मुले काय शिकतात, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे. इतिहास शिकवणारा मनुष्य असल्याने सुरुवात इतिहासापासूनच करतो.

तलाव कोणी बांधले?

नागपूर ही तलावांची नगरी आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ मध्ये या नगराची स्थापना केली असे मानले जाते. त्याच्यानंतर आलेल्या चाँद सुलतानाने येथे राजधानी आणली, नगराला तट बांधला आणि जुम्मा तलाव निर्माण केला. तोच पुढे शुक्रवारी तलाव झाला आणि आज आपण त्याला गांधीसागर म्हणतो. फुटाळा आणि सोनेगाव हे तलाव भोसल्यांच्या काळाशी जोडले जातात. नगराला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून १८७० च्या सुमारास अंबाझरीचा तलाव झाला. म्हणजे शाळेतून बाहेर पडून शहरातून एक फेरी मारली, तरी गोंड, भोसले आणि इंग्रज अशा तिन्ही राजवटी पाण्याच्या रूपाने डोळ्यांसमोर येतात.

पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत तर तलावांची संख्या हजारोंवर आहे. कोहळी समाजाने धानाच्या शेतीसाठी तलाव बांधण्याची विद्या पिढ्यानपिढ्या जोपासली. मालगुजारांच्या ताब्यात असलेले हे तलाव १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर सरकारकडे आले. त्यांना आज 'माजी मालगुजारी तलाव' किंवा थोडक्यात 'मामा तलाव' म्हणतात. खिंडसी त्या मानाने अलीकडचा. विसाव्या शतकाच्या आरंभी, ब्रिटिश अमदानीत, सूर नदीवर बांध घालून सिंचनासाठी हा जलाशय निर्माण झाला.

मुलांना मी तलावाचे तीन अवयव प्रथम दाखवतो. पाणी अडवणारी मातीची भिंत म्हणजे पार. शेतीसाठी पाणी सोडण्याचे दार म्हणजे तुडूम. तलाव भरल्यावर जादा पाणी सुखरूप बाहेर जाण्याची वाट म्हणजे सलंग, ज्याला पुस्तकात सांडवा म्हणतात. हे तिन्ही शब्द पूर्व विदर्भातील शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. पाठ्यपुस्तकात ते नसतात, म्हणून मुले ते वहीत लिहून घेतात.

नंतर मी विचारतो, "तलाव कोणी बांधला?" मुले राजाचे नाव सांगतात. मग मी विचारतो, "पारीवर माती कोणी टाकली?" तेव्हा शांतता पसरते. टोपलीने माती वाहणाऱ्यांची नावे कोणत्याही शिलालेखात नसतात. श्रम करणाऱ्यांत सर्व जातींची माणसे असत. पण तलाव भरला की पाण्यावर हक्क कोणाचा, हे ठरवताना श्रमाचा विचार होत नसे. त्याचा निवाडा जात करीत असे.

पाण्यावरील पहारा

माझ्या आईचे माहेर भंडारा जिल्ह्यातील. त्या गावाला तलाव होता आणि तलावाला घाटही होते. आई सांगायची, "आपला घाट निराळा, तोही खालच्या अंगाला. वरचे पाणी आपल्यासाठी नव्हते." लहानपणी तलावात डुंबणारी इतर मुले ती लांबून पाहत असे. ती शेवटपर्यंत पोहायला शिकली नाही, आणि आम्हा भावंडांनाही पाण्याजवळ जाऊ देत नसे. ही भीती पाण्याच्या खोलीची आहे असे मला वाटे. इतिहास वाचल्यानंतर कळले, की ती पिढ्यानपिढ्या पाण्यापासून दूर ठेवल्या गेलेल्या माणसांची भीती होती.

ज्या सहलीविषयी आपण बोलत आहोत, तशीच एक सहल बाबासाहेबांनीही काढली होती. १९३४ साली चळवळीतील सुमारे तीस सहकाऱ्यांसह ते वेरूळची बौद्ध लेणी पाहण्यास निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला होता. किल्ल्याच्या दाराबाहेर काठोकाठ भरलेला एक लहानसा हौद होता आणि त्याच्या भोवती रुंद दगडी फरसबंदी होती. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या काही मंडळींनी त्या पाण्याने हातपाय-तोंड धुतले. इतक्यात पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध मुसलमान मागून ओरडत आला की या अस्पृश्यांनी हौद बाटवला. जमाव जमला, शिवीगाळ झाली, हाणामारीची वेळ आली. अखेर किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली, पण आत कोठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि ती पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी एक सशस्त्र शिपाई सोबत दिला गेला. हा प्रसंग बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात नोंदवला आहे. जातीचा विचार एका धर्माच्या सीमेत थांबत नाही, हे त्यांना यातून दाखवायचे होते. मी मुलांना आणखी एक गोष्ट दाखवतो. सहलीला गेलेली माणसे, किल्ला पाहायचा, लेणी पाहायची, आणि सोबत पाण्यावर पहारा ठेवणारा शिपाई.

लक्षात घ्या, हे महाडनंतर सात वर्षांनी घडले. महाडचा घटनाक्रम आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला मुखोद्गत हवा, म्हणून थोडक्यात देतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असे ठरवले. १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, परंतु पाण्याला हात लावण्याची सोय झाली नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली परिषदेतील हजारो प्रतिनिधी शिस्तीने तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला, तोच विरोधकांनी न्यायालयाकडून मनाई हुकूम मिळवला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, पण न्यायालयाचा आदेश मानून तळ्यावरील सत्याग्रह तहकूब करण्यात आला. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी अनादि काळापासून चालत आल्याचे सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. पहिल्या ओंजळीपासून या निकालापर्यंत दहा वर्षे लागली, त्यात केवळ तीन दिवस कमी.

या लढ्याचा निष्कर्ष आपल्या संविधानात आला. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणावरून कोणालाही दुकाने, उपाहारगृहे आणि मनोरंजनाची ठिकाणे यांत प्रवेश नाकारता येणार नाही असे म्हटले आहे. पुढे विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वावराच्या जागा यांचाही स्वतंत्र उल्लेख आहे. हा मजकूर मी मुलांना खिंडसीच्या पारीवर वाचून दाखवतो. 'तलाव' हा शब्द त्यात आहे आणि 'मनोरंजन' हाही आहे. तहान भागवण्याचा हक्क आपण लढून मिळवला. तलावावर हसण्या-खेळण्याचा हक्कही त्याच अनुच्छेदात आहे. त्याचा उपयोग केला नाही, तर तो कागदावरच राहील, १९२४ च्या ठरावासारखा.

होडीतील पाठ

पालकांचा आक्षेप धोक्याविषयी आहे, आणि धोका खरा आहे. ९ जुलै २०१७ रोजी नागपूरजवळच्या वेणा जलाशयात होडी उलटून आठ तरुण बुडाले, हे आपण विसरलेलो नाही. अशा घटनांतून दोन निष्कर्ष निघू शकतात. पहिला, पाण्याजवळ जाऊच नये. दुसरा, पाणी समजून घेऊन जावे. आपण पहिला निष्कर्ष स्वीकारला, तर सहल थांबेल, पण मुले थांबणार नाहीत. सतराव्या-अठराव्या वर्षी ती मित्रांसोबत कुणालाही न सांगता तलावावर जातील, आणि त्या वेळी त्यांच्याजवळ जाकीट नसेल, ज्ञान नसेल आणि सोबत शिक्षकही नसेल. म्हणून पाण्याचे शिक्षण शाळेतच झाले पाहिजे.

ते शिक्षण कसे द्यावे? सहलीच्या आधी वर्गात काचेचे भांडे पाण्याने भरून मी तळाशी नाणे ठेवतो. वरून पाहिल्यास नाणे वर आल्यासारखे दिसते. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे सरळ वरून पाहताना पाण्याची खोली प्रत्यक्षाच्या सुमारे तीन-चतुर्थांशच भासते. चार फूट पाणी तीन फूट वाटते. कमरेइतके दिसणारे पाणी छातीला लागते. शिवाय पाण्याखाली गाळ असतो, जुने खड्डे असतात, पाणवेली आणि तुटलेली जाळी असतात. काठावरच्या एका वृद्ध ढिवर बाबांनी हेच एका वाक्यात सांगितले, "गुरुजी, पाणी वरून जसं दिसते तसं आतून नसते जी."

होडीत बसताना पाळायचे नियम आता लेखी आहेत. जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय आणि त्याचे पट्टे शिक्षकाने ओढून पाहिल्याशिवाय कोणीही होडीत पाय ठेवत नाही. होडीच्या क्षमतेपेक्षा एकही जण अधिक बसत नाही. नावाडी "चालते सर" म्हणाला तरी नाही. प्रत्येक होडीत एक प्रौढ असतो. उभे राहणे, जागा बदलणे, फोटोसाठी एका बाजूला झुकणे वर्ज्य. दुपारी वारा सुटला किंवा आभाळ भरून आले, तर फेऱ्या बंद. कोणी पाण्यात पडलाच, तर पोहता न येणाऱ्याने उडी मारायची नाही. दोर, बांबू, ओढणी, बूच घट्ट लावलेली रिकामी कॅन, जे हाती येईल ते त्याच्याकडे फेकायचे आणि मोठ्याने हाक मारायची. एकाला वाचवताना दुसराही बुडाला, अशा बातम्या आपण वारंवार वाचतो.

वल्ह्याचा पाठ वेगळाच. दोन्ही बाजूंची वल्ही एकसारखी पडली, तर होडी सरळ जाते. उजवीकडचे वल्हे जोराने मारले, तर होडी डावीकडे वळते. दोघांपैकी एकच वल्हवत राहिला, तर ती गोल गोल फिरते. हे मी समजावून सांगण्याची गरज पडत नाही. पाच मिनिटांत मुले आपोआप एक-दोन, एक-दोन मोजू लागतात. नववीची एक मुलगी पहिल्या फेरीत डोळे मिटून बसली होती. तिसऱ्या फेरीत तिने वल्हे हाती घेतले. परतीच्या बसमध्ये ती मला म्हणाली, "सर, आईला सांगू नका, मी स्वतःच सांगीन." तिने घरी काय सांगितले ते मला ठाऊक नाही. पुढच्या वर्षी तिच्या धाकट्या भावाच्या संमतिपत्रावर मात्र आईची सही सर्वांत आधी आली.

गळ, जाळे आणि शील

एकदा काठावर गळ टाकून बसलेल्या माणसाकडे पाहून आठवीतील एका मुलाने विचारले, "सर, सकाळी आपण 'पाणातिपाता वेरमणी' म्हटले. मग मासे धरणे हा शीलभंग नाही का?"

हा प्रश्न टाळणे सोपे आहे, पण टाळू नये. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेचा विचार करताना नियम आणि तत्त्व यांत भेद केला आहे. नियम मनुष्याला बांधतो. तत्त्व त्याला विचार करण्यास मोकळीक देते. हत्येची इच्छा आणि हत्येची गरज यांतील फरक ओळखला पाहिजे, अशी त्यांची मांडणी आहे. त्या कसोटीने मुलांनीच विचार केला. ढिवर समाजाचे पोट तलावावर आहे. तो डोंग्यात बसून पहाटे जाळे टाकतो तेव्हा त्यामागे गरज असते. आपण दुपारचे जेवून सहलीला आलो असता केवळ मौज म्हणून मासा गळाला लावायचा आणि तडफडताना पाहून हसायचे, यामागे गरज कोणती? आमच्या मुलांनी ठरवले की गळ कसा टाकतात हे पाहायचे, विचारायचे, पण करमणुकीसाठी स्वतः टाकायचा नाही. हा निर्णय मी दिलेला नाही, म्हणूनच तो टिकला आहे.

मात्र मासेमारी पाहणे हा मोठा अभ्यास आहे. गांडूळ किंवा कणकेची गोळी आकड्याला लावायची, दोरीला मोरपिसाच्या देठाचा तुकडा बांधायचा आणि तो बुडण्याची वाट पाहायची. सलग दहा मिनिटे एका ठिपक्याकडे पाहणे किती कठीण असते, हे आनापानसतीचा तास चुकवणाऱ्या मुलांना तेथे समजते.

ढिवर बाबांनी मुलांना माशांची शाळाही घेतली. कतला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. म्हणून तिन्ही जाती एका तलावात सोडल्या, तरी त्यांचे भांडण होत नाही. हे मासे साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातील वाहते पाणी लागते. त्यामुळे मच्छीमार सहकारी संस्थांना बीज विकत आणून तलावात सोडावे लागते. मरळ मात्र तलावातच वाढतो आणि आपल्या पिलांची राखण करतो. "पिल्लांचा थवा दिसला की आमी तेथी जाळं नाही टाकत," बाबा म्हणाले. मी मुलांना म्हटले, ज्याची उपजीविका मासेमारीवर आहे त्याने करुणेची मर्यादा कशी आखली आहे पहा.

ढिवर समाज महाराष्ट्रात भटक्या जमातींत मोडतो. पाणी त्यांच्या दाराशी आहे, तरी शिक्षण आणि सत्ता दूर आहे. आपल्या पूर्वजांना पाण्यापासून दूर ठेवले गेले, त्यांना पाण्यापुरते मर्यादित ठेवले गेले. व्यवस्था एकच आहे. म्हणून सहलीला गेलेल्या आपल्या मुलांनी त्यांना 'मच्छीवाला' म्हणून हाक मारू नये, 'बाबा' किंवा 'दादा' म्हणावे, असा माझा आग्रह असतो.

रोहिणीचे पाणी

सिद्धार्थाने गृहत्याग का केला, याचे बाबासाहेबांनी दिलेले उत्तर आपल्या विद्यार्थ्यांना माहीत आहे. रोगी, वृद्ध आणि प्रेत प्रथमच पाहून तो घराबाहेर पडला, ही कथा त्यांनी बुद्धीला न पटणारी म्हणून नाकारली. त्यांच्या मांडणीनुसार कारण होते रोहिणी नदीचे पाणी. शाक्य आणि कोलीय दोघेही त्या नदीचे पाणी शेतीला घेत. पाणी आधी कोणी घ्यावे यावरून चाकरांत मारामारी झाली आणि शाक्यांच्या संघात युद्धाचा प्रस्ताव आला. अठ्ठावीस वर्षांच्या सिद्धार्थाने विरोध केला. दोन माणसे शाक्यांनी निवडावीत, दोन कोलीयांनी, त्या चौघांनी मिळून पाचवा निवडावा आणि या पाचांनी तंटा सोडवावा, असे त्याने सुचवले. बहुमताने ही सूचना फेटाळली. संघाच्या आज्ञेविरुद्ध उभे राहिल्याची किंमत म्हणून त्याने परिव्रज्या स्वीकारली.

ही कथा अडीच हजार वर्षांपूर्वीची वाटत असेल, तर उन्हाळ्याच्या तोंडावर कोणत्याही तलावाच्या पारीवर जाऊन उभे राहावे. शेतकऱ्याला तुडूम उघडून सर्व पाणी शेतात हवे असते. ढिवराला मासे जगण्यापुरते पाणी तलावात हवे असते. गुराख्याला जनावरांसाठी हवे असते. त्यात होडीविहार करणारे आपण, पर्यटक, चौथे दावेदार झालो आहोत. आपला दावा सर्वांत नवा आहे आणि गरजेच्या हिशेबाने सर्वांत शेवटचा. हे भान नसेल, तर ज्या पाण्यावरून आपल्याला हटवले गेले त्याच पाण्यावरून आपण दुसऱ्याला हटवू. सहलीच्या आदल्या दिवशी मी मुलांचे चार गट करतो: शेतकरी, ढिवर, गुराखी आणि पर्यटक. तलावात निम्मेच पाणी उरले आहे असे गृहीत धरून त्यांनी वाटप ठरवायचे. पहिल्या दिवशी नेहमी भांडण होते. तलाव पाहून परतल्यावर तोच खेळ पुन्हा घेतला, की पंच निवडण्याची सूचना मुलांकडूनच येते.

जबाबदारीचा दुसरा धडा आपल्या शहरातच आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अतिवृष्टी झाली, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. माणसे दगावली, हजारो संसार चिखलात गेले. सलंगेची वाट मोकळी असावी लागते, नदीचे पात्र नदीलाच द्यावे लागते, हे कोहळी शेतकऱ्याला ठाऊक असलेले शहाणपण मोठ्या शहराने विसरल्याचा तो परिणाम होता. आणि अशा वेळी पाणी प्रथम खोलगट भागातील घरांत जाते. नाग नदीचे नाव आपल्याला विशेष जवळचे आहे. १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात धम्मदीक्षेसाठी नागपूरच का निवडले हे सांगताना बाबासाहेबांनी धम्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांचा आणि या नदीचा उल्लेख केला होता. त्या नदीत आज शहराचे सांडपाणी वाहते. वर्षातून एकदा दीक्षाभूमीवर वंदन करायचे आणि उरलेले दिवस नदीत प्लास्टिक टाकायचे, हे सुसंगत नाही. म्हणून खिंडसीहून निघताना आपली मुले केवळ स्वतःचाच कचरा उचलत नाहीत, तर बसलेल्या जागेभोवतीचा सर्व कचरा पोत्यात भरून आणतात.

पालकांना उत्तर

आता त्या मातेच्या प्रश्नाकडे परत येतो. तलावावर लेकरे काय शिकतात? सार्वजनिक पाणी आपलेही आहे, हे ती अनुभवाने शिकतात. पाण्याची भीती आणि पाण्याचे भान यांत फरक आहे, हेही शिकतात. ज्याच्या श्रमावर तलाव टिकून आहे त्याला मान द्यावा आणि पाणी वाटून घ्यावे, हेही त्यांना तेथेच कळते. पण मातेचा मुद्दाही मी मान्य करतो. पोहता न येणाऱ्या मुलाला केवळ जाकिटाच्या भरवशावर पाण्यात नेणे ही अर्धी तयारी आहे. माझी शाळेच्या व्यवस्थापनास आणि माजी विद्यार्थ्यांस नम्र विनंती आहे, की सहल बंद करण्याऐवजी सातवीपासून प्रत्येक मुलामुलीस पोहण्याचे शिक्षण मिळेल अशी व्यवस्था करावी. मुलींसाठी महिला प्रशिक्षक असाव्यात. माजी विद्यार्थ्यांत पोलीस, अग्निशमन दल आणि सैन्यात असलेले अनेक जण आहेत. त्यांनी उन्हाळ्यात पंधरा दिवस दिले, तरी हे काम सुरू होईल. इमारतीसाठी आपण देणगी देतोच. ही देणगी वेळेची आहे.

भगवान बुद्धांनी धम्माला तराफ्याची उपमा दिली. तो पार जाण्यासाठी आहे, डोक्यावर घेऊन मिरवण्यासाठी नाही. महाडची आठवणही तशीच असावी, असे मला वाटते. दरवर्षी २० मार्चला आपण तिला वंदन करतो, ते योग्यच आहे. पण त्या ओंजळीने जो किनारा दाखवला, तिथवर आपली मुले स्वतः वल्हवत गेली पाहिजेत.

माझी आई हयात असती, तर या हिवाळ्यात मी तिला खिंडसीला नेले असते. ती होडीत बसली असती की नाही, सांगता येत नाही. पण वरच्या घाटावर उभी राहून तिने पाण्यात हात बुडवला असता.

स्वाध्याय
(विद्यार्थ्यांनी पालकांसह सोडवावा)

१. आपल्या आजोळच्या गावात तलाव, विहीर किंवा नदीचा घाट होता काय? तेथे पाणी भरण्याचे नियम काय होते, हे घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीस विचारून लिहा.

२. संविधानाच्या अनुच्छेद १५ चा दुसरा खंड वाचा. त्यात नमूद केलेल्या ठिकाणांपैकी आपण या महिन्यात किती ठिकाणी गेलात?

३. १९२४ च्या ठरावाने चवदार तळे खुले झाले असताना १९२७ च्या सत्याग्रहाची गरज का पडली? हक्क मिळणे आणि हक्क बजावणे यांतील फरक स्पष्ट करा.

४. आपल्या घराजवळील तलावाची पार, तुडूम आणि सलंग शोधा. सलंगेच्या वाटेवर आज काय उभे आहे?

५. 'हत्येची इच्छा' आणि 'हत्येची गरज' यांतील भेद आपल्या रोजच्या जीवनातील दोन उदाहरणांनी मांडा.

६. रोहिणीच्या तंट्यात सिद्धार्थाने सुचवलेला उपाय आपल्या वस्तीतील एखाद्या पाण्याच्या भांडणास लागू पडेल काय? घरी चर्चा करा.

जयभीम! नमो बुद्धाय!